एका केबिनचे दोन धनी

उंचावर चढायची तिला कधी भीती वाटली नाही, आणि याचं श्रेय ती आपल्या आळशी भावाला द्यायची. गच्चीवरचे वाळलेले कपडे आणायचे असोत की झाडात अडकलेला चेंडू, तो नेमका तिलाच चढवायचा. पुढे ती बांधकामावर सामान मोजून घ्यायच्या कामाला लागली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत डबा मांडीवर ठेवून वर बघत बसायची. वर, आभाळात टांगल्यासारख्या काचेच्या केबिनमध्ये बसून एक म्हातारे गृहस्थ क्रेन चालवत. एक दिवस ते खाली आले आणि म्हणाले, "रोज बघतेस, मान आखडेल. ये वर." ती गेली आणि वरचीच झाली.

त्या गृहस्थांना सगळे हळूकाका म्हणत, कारण दिवसभर त्यांच्या तोंडी दुसरा शब्दच नसे. "हळू. अजून हळू. लोखंडाला कुठे गाडी पकडायचीय?" दोन-तीन वर्षं त्यांनी तिला हाताखाली घेतलं, मग त्यांचे गुडघे बोलायला लागले, ते घरी बसले आणि केबिन तिची झाली. खालच्या लोकांनी तिचं नाव घार ठेवलं. कामाच्या जागेवर कोण कुठे विडी ओढतोय, कोण सिमेंटच्या पोत्यांमागे डुलकी काढतोय, सगळं तिला वरून दिसायचं. पण चुगली तिने कधी केली नाही. म्हणून घार असूनही ती सगळ्यांना हवीशी होती.

लग्नानंतर मूल व्हायच्या वेळी रजेवर जाताना ती बांधकामावरच्या साहेबांना सांगून आली होती, "रजा संपली की मी हजर." मुलगी दिसायला मूठभर, पण एकदा सूर लावला की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात. आजोबांनी, म्हणजे घारीच्या सासऱ्यांनी, पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं, लवंगी. खरं नाव कागदावरच राहिलं.

रजा संपली. नवरा शहरातल्या बसवर ड्रायव्हर, त्याचा दिवस रस्त्यावर जायचा. लवंगीला सांभाळायला घरात एकटे सासरे. जन्मभर त्यांनी मोटारींची इंजिनं उघडली आणि बसवली होती, पण लंगोट कसा बांधतात हे कुणी शिकवलं नव्हतं. "जमेल गं," ते म्हणाले, "इंजिनापेक्षा भाग कमीच आहेत हिला." ती हसली, पण शिडी चढताना दोनदा थांबून तिने घराच्या दिशेला बघितलं.

लवंगी बाटलीला तोंड लावेना. आजोबांनी बाटली बदलली, बूच बदललं, गाणी म्हटली, पण लवंगी हट्टाची पक्की. इकडे वर केबिनमध्ये दूध दाटून घारीचा सदरा ओला व्हायचा. त्या उंचीवर बघायला कुणी नव्हतं. ती हुक रिकामा ठेवून दूध काढायची आणि बाटली डब्याच्या पिशवीत जपून ठेवायची. मग संध्याकाळी घरी आणलेलं ते दूध तसंच वाया जायचं, कारण लवंगी आईलाच बिलगायची.

एका सकाळी सळयांचा भारा उचलताना तिला वाटलं, खालून बाळाचं रडणं येतंय. तिथे बाळ कुठून येणार? कुठेतरी चाक कुरकुरत होतं. पण तेवढ्यात हात सैल पडला, भारा हेलकावला आणि खालची माणसं ओरडत बाजूला पळाली. कुणाला लागलं नाही. तिने भारा अलगद टेकवला, क्रेन बंद केली, खाली उतरली आणि थेट साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, माझं लक्ष नव्हतं. असं लक्ष घेऊन मी वर बसणार नाही."

साहेब रागावायच्या तयारीत होते, पण एवढं ऐकून त्यांची तयारीच मोडली. "मग काय करायचं म्हणतेस?"

"सोडते," ती म्हणाली, आणि आपलाच शब्द ऐकून दचकली.

पहिले दिवस सोन्यासारखे गेले. लवंगीचं जावळ, तिची जांभई, झोपेत हसणं, हे सगळं आता तिच्यासमोर होतं, पिशवीत घालून संध्याकाळपर्यंत ठेवायचं नव्हतं. पण मग दिवस एकमेकांना चिकटायला लागले. भांडी घासताना तिचा उजवा हात आपोआप दांडा फिरवल्यासारखा वळायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून क्रेनचा वरचा हात दिसायचा. तो वळला की ती ओट्याशी थबकायची आणि पुटपुटायची, "वारा आहे, एवढ्या जोरात नको." एक दिवस दूध उतू गेलं ते यापायीच.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "काय झालंय तुला?"

"काही नाही."

"कामावर जायचंय का परत? बघ, तुला हवं ते कर. माझी काही ना नाही."

ती फणा काढून उठली. "हवं ते कर, हवं ते कर! म्हणजे ठरवायचंही मीच, निभवायचंही मीच, आणि चुकलं तर रडायचंही मीच. तू फक्त 'ना नाही' म्हणायला आहेस का?"

नवरा चांगला माणूस होता, पण आपलं चांगुलपण बिनकामाचं असू शकतं हे त्याला नवीन होतं. तो म्हणाला, "बरं. मग माझा वाटा सांग."

"विचार कर आणि तूच सांग."

त्याने खरंच विचार केला. दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन त्याने दुपारनंतरची पाळी मागून घेतली आणि येऊन म्हणाला, "आता सकाळी मी घरात आहे. लवंगीची आंघोळ, कपडे, भाजी, सगळं माझं. आणि बाबा आहेतच."

"बाबांचं काय? बाटली कुठे घेते ती?"

सासरे खुर्चीतून खाकरले. त्यांनी काही दिवसांपासून एक उद्योग चालवला होता. सुनेचा न धुतलेला कामाचा सदरा ते आपल्या खांद्यावर टाकायचे, लवंगीला त्यावर टेकवायचे आणि वाटी-चमच्याने दूध द्यायचे. सून आंघोळीला गेली की हा प्रयोग चाले. "बाटलीचं नाव काढू नकोस," ते म्हणाले. "चमच्याने सगळं पिते. फक्त तो सदरा धुऊ नकोस म्हणजे झालं." तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

तरी पूर्ण दिवस कामावर राहणं तिला जड वाटत होतं, आणि पूर्ण दिवस घरात राहणंही. अशातच बाजारात हळूकाका भेटले. तिच्या जागी माणूस मिळेना, म्हणून साहेबांनी त्यांना परत बोलावलं होतं. काका भाजीवाल्याच्या फळकुटावर टेकून गुडघे चोळत होते.

"कसं चाललंय, काका?"

"सकाळी चढतो तेव्हा सांधे झोपेत असतात, बिचारे बोलत नाहीत. पण जेवायला उतरून परत चढायचं म्हटलं की रडू येतं बघ. दिवसातून एकदाच चढायचं असतं ना, तर आणखी चार वर्षं काढली असती."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "काका, एकदाच चढायचं. सकाळी मी, दुपारी तुम्ही."

काकांनी गुडघे चोळायचं थांबवलं. मग म्हणाले, "हळू, हळू. आधी साहेबाला पटव."

साहेब सहज पटणारे नव्हते. "एका म्यानात दोन तलवारी? असला नियम नाही आपल्याकडे."

"म्यानात एका वेळी एकच असेल, साहेब," ती म्हणाली. "आणि दोन्ही धारदार राहतील. त्या दिवशी मी बोथट होते."

काकांनी मागून पुस्ती जोडली, "नाहीतर मीही चाललो. मग चढा तुम्हीच."

साहेबांना शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच घेरी यायची, हे सगळ्या बांधकामाला ठाऊक होतं. "महिनाभर करून दाखवा," ते म्हणाले.

सुरुवातीला तारांबळ उडाली. काका खुर्ची मागे सरकवायचे, ती पुढे. सकाळचा वारा, कुरकुरणारी तार, अर्धवट राहिलेला मजला, हे सगळं अदलाबदलीच्या वेळी एकमेकांना नीट सांगावं लागे. पण दोघांनाही हात ताजे ठेवून काम करायची चैन कधी मिळाली नव्हती. महिना संपला आणि साहेबांनी तो विषयच काढला नाही. नकार नाही म्हणजे होकार, असं काकांनी जाहीर करून टाकलं.

सगळंच गोड झालं असं नाही. पगार अर्धा झाला, नवं घर लांबणीवर पडलं. मोठ्या क्रेनवरची बढती दुसऱ्याला गेली, तेव्हा ती दोन दिवस कुणाशी नीट बोलली नाही. नणंद फोनवर म्हणाली, "धड कामाची नाहीस, धड घरची नाहीस." तिने उत्तर दिलं, "दोन्हीकडे अर्धी-अर्धी आहे, वन्सं. बेरीज करून बघा." पण फोन ठेवल्यावर नणंदेचं बोलणं तिला बराच वेळ टोचत राहिलं.

मग एका सकाळी, ती वर असताना, लवंगीला सणकून ताप भरला. नवऱ्याने फोनवर दिलेला निरोप खालच्या माणसाने वायरलेसवरून तिला कळवला. तिने भार टेकवला आणि खाली बघितलं, तर हळूकाका फाटकातून लंगडत, जवळजवळ धावत येत होते. नवऱ्याने आधी त्यांनाच कळवलं होतं.

शिडीच्या पायथ्याशी दोघं भेटले. "काका, आज दिवसभर? गुडघे?"

"गुडघ्यांना मी समजावतो. तू पळ."

ती पळाली. दवाखान्यात नवरा लवंगीला मांडीवर घेऊन बसला होता, आणि सासरे खांद्यावर सुनेचा कळकट सदरा टाकून चमच्याने पाणी पाजत होते. ताप दुपारपर्यंत उतरला. लवंगीने आईला बघितलं, हात पुढे केले, आणि तिच्या कुशीत शिरून पुन्हा आजोबांच्या चमच्याकडेच तोंड वळवलं. आईला जरा लागलं, पण त्याहून जास्त हलकं वाटलं.

पावसाळ्यानंतर ती इमारत उभी राहिली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला नवं काम निघालं. साहेबांनी दोघांना बोलावलं. काकांना वाटलं, आता निरोपाचं भाषण. साहेब म्हणाले, "तिकडे दोन क्रेन आहेत. एकीवर तुम्ही दोघं. दुसरीवर एक नवी बाई येतेय, तिचं मूल चार महिन्यांचं आहे. तिला जोडीदार शोधायचाय. असेल कुणी गुडघे दुखणारा तर सांगा."