हौशा बैलामार्फत निरोप

दवाखान्यात जन्म काढलेल्या माणसाकडे किस्से कसे साठतात म्हणाल, तर आमच्या औषधाच्या खोलीत बाटल्या साठायच्या तसे. त्या काळी मिक्श्चर हवं असेल तर बाटली घरून आणावी लागायची. कुणी तेलाची आणायचं, कुणी अत्तराची, आणि निम्मे लोक बाटली आमच्याकडंच विसरून जायचे. फेकायला जीव होत नसे. फळीवर रांग वाढतच गेली. आता गप्पा मारत बसलोच आहोत, तर चार-दोन खाली काढते. वास ज्याचा त्याचा!

आधी मी कोण ते सांगते. मी सोनी, लमाण्याची. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मुडबीच्या आसपासच्या माळांवर आमचा तांडा गुरं घेऊन हिंडायचा. बाकीचे तांडे एव्हाना एका जागी बसले होते, पण आमच्या नाइकाचा पाय काही ठरत नव्हता.

माझा नवरा तापानं गेला. रीतीप्रमाणे मला धाकट्या दिराशी लावायचं ठरलं. रीत वाईट नव्हती हो, विधवेला घर मिळावं म्हणूनच होती. पण हा दीर मी कडेवर घेऊन वाढवलेला! ज्याचं नाक पुसलं त्याचा संसार कसा करायचा? मी नाही म्हणाले. नाईक म्हणाला, "मग तांड्यात तुझ्याशी कुणी बोलायचं न्हाई." मी निघाले.

आमच्यात लेक निघाली की याडी, म्हणजे आई, तिच्या गळ्यात पडून सुरात रडते. बऱ्याच दिवसांनी भेटली तरी रडते. त्या गाऊन रडण्याला आम्ही ढावलो म्हणतो. जिच्यासाठी कुणी ढावलो म्हणत नाही, तिला या जगात कुणी नाही असं समजायचं. माझ्या याडीनं त्या दिवशी पाठ फिरवली. मी कोरडीच बीदरला आले आणि बायकांच्या दवाखान्यात झाडलोट करायला राहिले. पुढं मला सगळं मिळालं. पण याडीनं एकदा गळ्यात पडून रडावं, ही भूक काही जाईना.

* * *

पहिल्याच आठवड्यातली गंमत. मला राहायला खोली मिळाली. छप्पर, खाट, दार, दाराला कडी! पण मला झोप येईना. डोक्यावर छप्पर म्हणजे कुणी छातीवर बसल्यासारखं वाटायचं. अंगणात कमठाण्याच्या एका शेतकऱ्याची बैलगाडी सोडलेली होती. मी गोधडी घेतली आणि गाडीखाली जाऊन पडले. काय झोप लागली म्हणता!

उजाडल्यावर तो गडी बायकोला घरी न्यायला म्हणून गाडी जुंपायला आला. बघतो तर गाडीखाली एक बाई घोरतेय. तो तसाच आमच्या डॉक्टरीणबाईंकडं गेला, पटका काढून हातात धरला आणि म्हणाला, "बाईसाब, म्या एकच बायकू आनली हुती. तुम्ही दोन कामून द्यायलाव?"

डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. एकट्या, उंच, चष्मा लावणाऱ्या. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी कंपाऊंडरला बोलावून माझी खाट उचलून व्हरांड्यात ठेवायला लावली. रागावणं नाही, शिकवणं नाही. मी पुढं दोन पावसाळे व्हरांड्यात झोपले आणि मग आपण होऊन खाट आत नेली. तेव्हाही कुणी काही बोललं नाही.

* * *

स्वयंपाकघर मल्लम्माअक्कांचं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि तोंडाला लगाम नाही. मी पहिल्यांदा दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी विचारलं, "कुनाची गं तू?" कुणाची सांगणार? त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुढ्यात भाकरी टाकली. "ऱ्हाऊ दे. आधी जेव."

हळूहळू डॉक्टरीणबाईंनी मला ड्रेसिंग शिकवलं, मग बाळंतपणाचं काम. आरशांची कांचळी आणि फेटिया, म्हणजे आमचा घेरदार घागरा, पेटीत गेला, अंगावर पांढरी साडी आली. एक दिवस एक देशमुखीण आजी ॲडमिट झाल्या. मी औषधाचा ग्लास पुढं केला, तर त्यांनी तोंड घट्ट मिटलं. "आधी सांग, जात कंची तुजी?"

सगळा वॉर्ड माना वळवून बघायला लागला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अवो आजी, तिची जात धुवायला टाकलीया! वाळली की सांगते. तवर औषिद घ्या!"

आजी ग्लासभर औषध गटकन प्याल्या. मी नंतर कितीदा तरी अक्कांना विचारायची, "अक्का, वाळली का?" त्या चूल फुंकत म्हणायच्या, "बीदरला तसलं ऊन कुटं पडायलंय!"

* * *

आता माझी फजिती ऐका. एका संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोनी, उद्या मुडबीला निघायचंय. सामान बांधून ठेव." त्यांना म्हणायचं होतं औषधांची पेटी. मुडबीला पेशंट बघायचे आणि परत यायचं.

पण तांड्यात "उद्या निघायचंय" म्हणजे काय? मागं काही ठेवायचं नाही! मी पहाटेच उठले. रिकाम्या खाटांच्या नवारी सोडून गुंडाळल्या. भांडी पोत्यात भरली. गाद्या, बाटल्या, बाळांचे पाळणे, अक्कांचा पाटा-वरवंटा, सगळं दोन गाड्यांवर चढवलं. अक्कांची कोंबडीसुद्धा पाय बांधून वर ठेवली. वर्षानुवर्षं केलेलं काम! एक गाठ सैल राहिली नाही.

डॉक्टरीणबाई चहा मागायला बाहेर आल्या. चहा कसला, चूलच गाडीत! त्या बघतच राहिल्या. आमचे कंपाऊंडर खाजाभाई, गुडघ्यापर्यंत शेरवानी आणि सदा चेहरा गंभीर, त्यांनी दोन्ही गाड्यांना एक फेरी मारली. मग दवाखान्याच्या भिंतीकडं बोट करून मला म्हणाले, "बाई, दीवाराँ कायकू छोड़े? वो भी बाँध लेते ना!"

सगळे हसले. मी मात्र रडकुंडीला आले होते. डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं वेडे, आपण पेशंट बघून परत येणार आहोत. इथंच." खरं सांगते, परत यायला एक ठरलेली जागा असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सामान उतरवताना मी सगळ्यांच्या पुढं होते. कोंबडीनं मात्र पुढं कितीतरी दिवस मला बघितलं की पळ काढला.

* * *

एकदा डॉक्टरीणबाई ट्रेनिंगसाठी महिनाभर हैदराबादला गेल्या. त्यांच्याशिवाय दवाखाना कसा सुना वाटायचा! परत आल्या त्या दिवशी फाटकात टांगा थांबला आणि माझा बांध फुटला. मी पळत गेले, त्यांच्या गळ्यात पडले आणि सूर लावला. आपलं माणूस इतक्या दिवसांनी भेटलं, ढावलो म्हणायचा नाही तर काय?

पण दवाखान्यात गळा काढून रडणं म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा! आत वॉर्डातल्या बायकांनी ऐकलं आणि कोण गेलं ते न विचारताच रडायला लागल्या. मल्लम्माअक्कांनी दुःखाचं घर म्हणून चूल विझवली. खाजाभाई आतून एक पांढरी चादर घेऊन धावत आले. "कौन मरगया? किधर है?"

माझ्या मिठीतून डॉक्टरीणबाईंचा गुदमरलेला आवाज आला, "सोनी, मी मेले असेन तर मला तरी सांग!"

नंतर सगळं निवल्यावर त्यांनी विचारलं, की हे नेमकं काय होतं. मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि अशा वेळी मी काय करायचं असतं?"

"तुमी बी रडायचं."

"सुरात?"

"सुरातच."

"अगं, मला आरतीसुद्धा सुरात येत नाही!" असं म्हणून त्या राउंडला गेल्या.

* * *

आता हौशाची गोष्ट. हौशा हा बैल. माझी भावजय झमकू बाजाराच्या दिवशी त्याच्या पाठीवर जळाऊ लाकडं लादून बीदरला यायची. दवाखान्याला लाकडं लागायची आणि ती घ्यायचं काम माझ्याकडं. पण तांड्याचा हुकूम! माझ्याशी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी झमकू मान खाली घालून उभी. मीही उभी. मध्ये हौशा, रवंथ करत.

मग झमकूनं हौशाची मान खाजवली आणि आमच्या बोलीत त्यालाच म्हणाली, "हौशा रे, आपली याडी बरी हाय बग. गुडगा तेवडा दुकायलाय."

मी काय समजायचं ते समजले. मी हौशाच्या दुसऱ्या कानाला लागले. "हौशा, याडीला म्हनावं, चढ चढू नको."

बोलू नका म्हणून नाइकानं माणसांना सांगितलं होतं. बैलाशी बोलू नका असं कुठं सांगितलं होतं? तिथून पुढं प्रत्येक बाजाराला हौशामार्फत आमच्या गप्पा सुरू झाल्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची गाय व्याली, माझं काम कसं चाललंय. दोघींनी मिळून त्याचे कान इतके खाजवले की तो लांबून मला बघून मान पुढं करायचा. खाजाभाई म्हणायचे, "इस बैल कू दवाखाने की पूरी खबर है. इसे नौकरी देव!"

मी मालिशच्या तेलाची एक बाटली हौशाच्या पाठीवरच्या पोत्यात सरकवली. पुढच्या बाजाराला झमकू आली. आधी सगळी लाकडं उतरवली. शेवटी हौशाच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "हौशा रे, गुडगा दुकायचा थांबला. याडीनं इचारलं न्हाई तेल कुनाचं ते. नुसतं म्हनाली, हौशाला सांग, वाळलायस म्हनं. पोटभर जेवत जा."

हौशा चांगला गलेलठ्ठ होता. त्या दिवशी मी चार भाकरी खाल्ल्या.

* * *

आणि ही शेवटची बाटली. हिला मी नेहमी सगळ्यांच्या मागं ठेवते.

एके सकाळी फाटकात गाडी आली. जुंपलेला हौशा, आत झमकू, कळांनी अर्धमेली. आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली माझी याडी. केस पांढरे झाले होते. माझ्याकडं तिनं बघितलंच नाही. खाली उतरली, हौशाच्या तोंडापुढं उभी राहिली आणि त्याची वेसण धरून म्हणाली, "हौशा, आत जाऊन सांग रं. पोर कालपासनं अडलीया. वाचवा म्हनावं."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या होत्या. त्यांना आमची बोली थोडीफार कळायला लागली होती. त्या सरळ हौशापाशी गेल्या आणि आपल्या पुणेरी मराठीत म्हणाल्या, "हौशा, आजींना सांग, घाबरू नका. आत सोनी आहे आणि मी आहे."

मूल आडवं होतं. झमकूनं माझा हात असा धरला होता की बोटं काळीनिळी पडली. दुपार कलली तेव्हा मूल बाहेर आलं. मुलगी! आधी रडेना. डॉक्टरीणबाईंनी पाठ चोळली, आणि मग जी रडली म्हणता! मी तिला फडक्यात गुंडाळून बाहेर नेलं आणि याडीच्या ओटीत ठेवलं. याडीनं पोरीकडं बघितलं, फडक्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं. तोंडाकडं नाही.

झमकू हिंडूफिरू लागली तोवर याडी अंगणात हौशाशेजारीच राहिली. मल्लम्माअक्का दोन्ही वेळा भाकरी नेऊन द्यायच्या आणि परत येऊन मला सांगायच्या, "जेवली गं. बोलली न्हाई, पर जेवली."

निघायचा दिवस आला. गाडी जुंपली. डॉक्टरीणबाई निरोप द्यायला फाटकापर्यंत आल्या. याडी त्यांच्याकडं बघत उभी राहिली आणि एकदम त्यांच्या गळ्यात पडली. तिनं सूर लावला. ढावलो! माझ्या सुनेला जीव दिलास, माझ्या नातीला श्वास दिलास, असं जोडत जोडत गायला लागली. मी खांबाला धरून ऐकत होते. परक्या बाईसाठी याडी रडत होती.

आणि मग डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले, याडीच्या खांद्यावर मान टाकली आणि भसाड्या आवाजात स्वतःही सुरू केलं, "आजीबाई गंऽऽ, नात गोड आहे गंऽऽ, गुडघा सांभाळा गंऽऽ!" सूर कुठं, ताल कुठं! पण रडत होत्या त्या खऱ्याच.

याडी थबकली. जरा मागं सरून तिनं त्यांच्या पांढऱ्या साडीकडं, चष्म्याकडं बघितलं. मग मान वळवली. हौशाकडं नाही, माझ्याकडं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघून तिनं विचारलं, "ही कंच्या तांड्याची गं?"

मी म्हणाले, "माझ्या."

याडीनं डोईवरचा पदर सारखा केला. आणि दोन पावलं टाकून माझ्या गळ्यात पडली, आणि असा सूर लावला की वॉर्डातल्या बायका खिडक्यांशी आल्या, मागच्या फाटकापर्यंतचे लोक उभे राहिले, आणि खाजाभाई हातातलं औषध टाकून पांढरी चादर घेऊन धावत बाहेर आले.

आले आणि थांबले. आमच्याकडं बघितलं. मग ती चादर झटकली, ओट्यावर नीट अंथरली आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडले, "अक्का, चाय रखो! बाई के मैके वाले आए. खड़े कायकू रखे इनकू?"