पांढरा थर

धुळ्यात मी रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात काढून टाकलेल्या दाढांवर प्रयोग करते. जळगावचे एक दाताचे डॉक्टर मला बरणीत भरून दात पाठवतात. शेजारणींना किळस येते, येऊ दे. धातूची कॅप तोंडात बसली की लाळेमुळे तिच्यातून बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो आणि धातू झिजत जातो. किती झिजतो, हे मोजणं माझं काम.

माझे चार शोधनिबंध छापून आले ते एका पांढऱ्या थराच्या जोरावर. बाजारात एक स्वस्त धातू होता, पण तो झिजतो म्हणून कुणी कॅपसाठी वापरत नव्हतं. मी केलेल्या कृत्रिम लाळेत, दाताशेजारी ठेवल्यावर, त्याच्यावर पांढरा थर चढायचा आणि झीज थांबायची. मी हुरळून गेले होते, खोटं कशाला बोलू? डॉक्टरांच्या मागे लागून पहिली कॅप बसवून घेतली ती अक्कांच्या दाढेला. अक्का म्हणजे आमची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाई, साठीकडे झुकलेल्या. मीच त्यांना एसटीने जळगावला घेऊन गेले होते.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी तास लवकर सोडून प्रयोगशाळेत आले. अक्का कोपऱ्यातल्या निळ्या पिंपातून तांब्या भरून डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये ओतत होत्या. पिंपात बोअरचं पाणी होतं. त्याच पाण्याने माझ्या घरच्या हीटरवर दर महिन्याला पांढरे पापुद्रे चढतात, आणि मी ते सुरीने खरवडते.

लाळ मी त्याच कॅनमधल्या पाण्यात बनवत होते.

"अक्का, हे कधीपासून करताय?" माझा आवाज चढला. माझा स्वभावच तापट आहे, आणि घाबरले की जास्तच तापते.

त्या गोंधळल्या. "नळले पानी ऱ्हात नही तव्हय भरी देस. तुम्हीज सांगेल शे ना मॅडम, कॅन रिकामा दिखाले नको म्हनीसन."

सांगितलं होतं. आठ-आठ दिवस नळ येत नाही, वाफ थंड करायला नळाची धार नसली की डिस्टिल्ड पाणी तयार होत नाही, आणि कॅन कोरडा दिसला की मी आरडाओरडा करायचे. धुळ्यातल्या बाईला भांडं भरलेलं ठेवा म्हटल्यावर ती भरलेलंच ठेवणार. पाण्यापाण्यात फरक असतो, हे सांगायचं मला एकदाही सुचलं नाही.

मी दुसऱ्या गावाहून सीलबंद पाणी मागवलं आणि प्रयोग पहिल्यापासून मांडला. या वेळी कॅनला कुलूप घातलं. चार दिवस मला धड जेवण गेलं नाही. रोज सकाळी दाराशी आले की किल्ली फिरवायला हात धजत नसे. थर दिसू दे, एवढंच म्हणत मी आत जायचे. नास्तिक आहे, तरी म्हणायचे.

थर आला नाही. चौथ्या दिवशी धातूवर काळे खड्डे पडले होते, आणि शेजारची दाढ कडेने करडी झाली होती.

निबंध गेले, नाव गेलं, हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं. पण भीती त्याची नव्हती. अक्का माझ्या मागेच फडकं घेऊन टेबल पुसत होत्या. मला त्यांच्याकडे वळून बघवेना.

शेवटी विचारलं, "अक्का, ती कॅप कशी आहे? काही त्रास?"

त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. "तीन महिनापाइन तोंडमा लोखंड मायक लागस. भाकरभी तशीज लागस."

"तीन महिने तोंडात लोखंडाची चव? मग बोलला का नाहीत?"

"तुम्हनं एवढं संशोधन शे," अक्का म्हणाल्या. "माले वाटनं, मनीज जीभ खराब व्हयनी व्हई."

मी खुर्ची ओढून बसले. संपादकांना चूक कळवणारं पत्र त्याच दिवशी लिहिलं, चूक माझी म्हणून, अक्कांचा उल्लेख न करता. पण आधी जळगावच्या डॉक्टरांना फोन लावला. रिंग वाजत होती, आणि समोर अक्का गालावर हात ठेवून, मी आता काय सांगते याची वाट बघत उभ्या होत्या.