कोंबडा आरवला की बाई उठायच्या

"माफ करा जी, माहं रक्त बसून राह्यलं," एवढं म्हणून बाई भरल्या सभेतून उठायच्या आणि व्यासपीठासमोरून सरळ फेऱ्या मारायला लागायच्या. त्याआधी त्यांच्या पर्समध्ये मोबाइलच्या गजराचा कोंबडा आरवलेला असायचा. दिग्रसमध्ये गेल्या काही वर्षांत तुम्ही एखादा सत्कार सोसला असेल, तर तो कोंबडा तुम्हीही ऐकला असेल.

बाई आमच्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांना ल्युपस होता. हा काय आजार, असं कुणी विचारलं की सांगायच्या, "घरचा राखणदारच घरच्यायले चोर समजून बदडते, तसं हाय." सांधे दुखायचे, उन्हात गालावर चट्टे उठायचे. शिवाय अशा आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका जास्त. त्यांच्या पोटरीत एकदा झालीही होती. यवतमाळच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली आणि बजावलं, एका जागी फार वेळ बसायचं नाही.

बाईंनी या सल्ल्याचं सोनं केलं. कोंबडा चाळीस मिनिटांचा आहे, असं त्या सांगायच्या. मी घड्याळ लावून पाहिलं. वक्ता चांगला असला तर कोंबडा पूर्ण चाळीस मिनिटं गप्प. एका कापूस-जिनिंगवाल्या पाहुण्यांनी मात्र तिसऱ्यांदा "शेवटचे दोन शब्द" म्हटलं आणि तो बाराव्या मिनिटालाच आरवला. पोरं खिदळली, पाहुणे खाली बसले.

"मॅडम, बाराच मिनिटं झालते," मी नंतर म्हणालो.

"रक्ताले काय घड्याळ समजते, सर?"

पुढे पुढे ढाणकीपर्यंतचे लोक त्यांना आग्रहानं बोलवायला लागले. "मॅडम, तुम्ही याच. आमचे अध्यक्ष लय बोलते." बाई शांतपणे विचारायच्या, "किती मिनिटात बसवू त्यायले?" माझ्याही दोन भाषणांत कोंबडा आरवला होता. मी मराठीचा मास्तर. ते मला चांगलंच झोंबलं होतं.

पण बाई मनातून भ्यायच्या. रोज सकाळी स्टाफरूमच्या कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून, शिंप्याच्या टेपनं त्या दोन्ही पोटऱ्या मोजायच्या, गुठळीनं एखादी सुजली तर नाही ना म्हणून. मी पेपरात तोंड खुपसून बसायचो.

"पेपर उलटा धरला तुम्ही, सर," त्या वळून म्हणायच्या. "काही नाही, दोन्ही सारख्याच हायेत."

माझा जीव भांड्यात पडायचा.

मी निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभाला बारा पानांचं भाषण लिहून नेलं होतं. बाई दुसऱ्या रांगेत बसल्या आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "लांबलं, पण चांगलं बोललात." चौथ्या दिवशी त्यांची पोटरी सुजली. यवतमाळला पोचेपर्यंत गुठळी फुप्फुसात गेली होती. बाई परत आल्या नाहीत.

डॉक्टरांनी मला समजावलं, एका बैठकीनं असं होत नसतं. मधे त्यांना ताप आला होता, त्यात रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चुकल्या होत्या. बाईंचे यजमानही म्हणाले, "सर, तुम्ही कायले मनाले लावून घेता?" त्यांना एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

त्या दिवशी कोंबडा आरवला होता. लबाडीनं नव्हे, बरोबर चाळिसाव्या मिनिटाला. सगळं सभागृह हसत त्यांच्याकडे वळलं. बाईंनी पर्समध्ये हात घालून तो बंद केला आणि मला खुणेनं सांगितलं, चालू द्या. मी इतका सुखावलो, की वगळायची ठरवलेली चार पानंही वाचून काढली.