बळीरामला न भिणारे हंस

हिंगण्याच्या पुढे एका तलावावर बळीराम चौकीदार होता. अकरा वर्षं नुसता रोजंदारीवर. एकोणऐंशी साली त्याचं नाव एकदाचं कायमच्या यादीत लागलं, सही तेवढी पाटबंधारे खात्याच्या मनोहरराव साहेबांची राहिली. आणि साहेबांना रविवारी तलावावरचे हंस मारायचे होते. कायद्यानं बंदी होती म्हणा, पण साहेबाला कायदा सांगणार कोण?

हे रानहंस थंडी पडली की हिमालयापलीकडून यायचे. डोक्यावर दोन काळे पट्टे, आणि जात अशी सावध की माणूस लांबून दिसला तरी उडालेच. भीत नसत ते फक्त बळीरामला. रोज सकाळी तो डोंगा घेऊन पाण्याची पातळी पाहायला जाई. त्याची खाकी टोपी त्यांच्या ओळखीची झाली होती. साहेबांनी नेमकं हेच हेरलं. गेल्या हिवाळ्यात ते डोंग्यात पोत्यांखाली आडवे झाले आणि बळीरामनं त्यांना मुकाट्यानं थव्याजवळ नेलं. पाच पडले. सहाव्याचा पंख मोडला, तर तो वेडा पळायचं सोडून डोंग्याकडेच पोहत आला. साहेबांनी त्याला हातानं उचललं.

तेव्हापासून बळीरामचं जे बिनसलं ते बिनसलंच. शनिवारी तर घास उतरेना. उठ, बस, दारात जा, परत ये.

"असं काहून करून राहिले तुमी? बसा ना एका जागी," त्याची बायको रंभाबाई वैतागली.

"मले पाहून ते उडत नाहीत वं. तेच खाते मले."

"मग साहेबाले नाही म्हना."

"अन् सही?"

अकरा वर्षं तिनंही त्या सहीचीच वाट पाहिली होती.

रविवारी साहेब पोत्यांखाली शिरले. बळीराम बांबू रोवत निघाला. काठावरच्या हंसांनी मान वळवून पाहिलं. बळीरामच तो, म्हणून पुन्हा चोची पिसांत खुपसल्या. पोत्यातून बंदुकीची नळी बाहेर आली आणि बळीरामचा धीर सुटला. त्यानं बांबू उपसला आणि डोंग्यावर धाडधाड हाणत, हाड् हाड् करत सुटला. सगळा थवा एकदम उठला आणि पार तलावाच्या बांधापलीकडे गेला.

"डोकं फिरलं का तुझं?" साहेब पोती झटकत म्हणाले.

"हो साहेब. उद्याही फिरन."

सही झाली नाही. रोजंदारी तेवढी टिकली, कारण त्या गारठ्यात तलावावर जायला दुसरा कोणी राजी नव्हता. पण बळीरामच्या जिवाला अजून चैन नव्हतं. साहेब नाही तर दुसरा कोणी त्याचीच टोपी घालून गेला तर? म्हणून तो रोज सकाळी स्वतःच बांबू आपटून हंसांना पिटाळू लागला. आठ-दहा दिवसांत त्याची टोपी बांधावर दिसली तरी ते उडू लागले.

त्या दिवशी तो घरी आला, पाटावर बसला.

"आता भेतात मले," रंभाबाईला म्हणाला, आणि वाढलेल्या ताटासमोर पोरासारखा रडला.