दुसरा ठोका

देव आहे की नाही, या विचाराने मी कधी झोप घालवली नाही. आमची आई वलगावहून दर मंगळवारी अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला जायची. मी बैलगाडी हाकत सोबत जायचो आणि ती आत असेपर्यंत बाहेर फुटाणे खात बसायचो. पुढे मेळघाटात जंगलखात्याची नाकेदाराची नोकरी लागली, कमरेला सरकारी पट्टा आला, तेव्हा तर मी स्वतःलाच त्या डोंगरांचा धनी समजू लागलो. आता पाऊणशे वर्षांचा झालो. लोक विचारतात, "नाकेदार, जन्म जंगलात काढला, वाघ किती पाहिले?" ज्या वाघाने मला माणसात आणले तो मी पाहिलाच नाही, हे त्यांना कसे सांगू? म्हणून लिहून ठेवतो. पटले तर घ्या, नाहीतर म्हातारा बरळतो म्हणा आणि सोडून द्या.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि परतवाडा सोडून घाट चढला की राज्य रेंजर साहेबांचे. सागाचे झाड तोडायचे तर आधी नाकेदाराने त्यावर शिक्का मारायचा, अशी रीत. शिक्का म्हणजे एक लोखंडी हातोडा, त्याच्या तोंडावर सरकारी खूण कोरलेली. कुऱ्हाडीने साल छिलायची आणि दोन ठोके द्यायचे, एक छातीच्या उंचीवर, एक बुडाशी. दोन्ही शिक्के असल्याशिवाय ठेकेदाराने झाडाला हात लावायचा नाही. हा हातोडा हरवला तर नोकरी गेलीच समजा, वर तुरुंगही, कारण तो चोराच्या हाती पडला की चोरीचा सगळा साग सरकारमान्य झाला. अकरा वर्षे ती ठकठक ऐकून माझ्या कानाला अशी सवय लागली होती की एक ठोका पडला की तो आपोआप दुसऱ्याची वाट पाही.

माझ्यासोबत भुरा नावाचा कोरकू रखवालदार असे. वयाने माझ्या बापाएवढा, बोलायला मोठा कंजूस. पावसाळा सरत आला होता. त्या दिवशी आमच्या वाट्याच्या जंगलातले शेवटचे झाड राहिले होते, नाल्याकाठचा जुना साग, दोघांच्या कवेत न मावणारा. त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेला दगड होता, तो कोरकूंचा वाघदेव. भुराने आपली कुऱ्हाड वीस पावले अलीकडेच खाली ठेवली. लोखंड हातात घेऊन त्या दगडापुढे जायचे नाही, हा त्याचा जन्माचा नेम.

"नाकेदार, याले मारू नोका," तो म्हणाला. "हा त्याचा हाये."

"त्याच्या नावाचा कागद हाये का? दाखव मले," मी म्हणालो. जीभ माझी अशी, बापजन्मात कुणापुढे आखडली नाही. भुरा दूर जाऊन बसला. मी साल छिलली आणि छातीच्या उंचीवर पहिला ठोका दिला.

दुसऱ्यासाठी बुडाशी वाकलो आणि जंगल गप्प झाले. भर दुपारची वेळ. पाखरे गप्प, किडे गप्प, नाल्याचे पाणीसुद्धा वाहते की नाही कळेना. एक उग्र वास आला. मानेवर कुणीतरी ऊन श्वास सोडते आहे असे वाटले आणि अंगावर सर्रकन काटा आला. वळून पाहायची माझी छाती झाली नाही. त्यापुढचे मला नीटसे आठवत नव्हते. कुठेतरी मोर ओरडला, मी उठलो आणि "चला, उरलेलं उद्या पाहू" म्हणत असा ताडताड निघालो की भुराला धावत मागे यावे लागले.

दिवस मावळताना नाक्यावर पोचलो. हातोड्याची पिशवी उघडून पाहतो तर हातोडा नाही! पिशवी भुराच्या खांद्यावर होती, तेवढे मला पुरे झाले. देवाच्या झाडाचा राग याने असा काढला, हे मी मनाशी पक्के करून टाकले. वाट्टेल ते बोललो. रेंजर साहेब दौऱ्यावर नाक्यावरच उतरले होते. त्यांना सांगितले, "साहेब, पिशवी याच्याजवळ होती." साहेबांनी हुकूम दिला, उद्या दुपारपर्यंत हातोडा मिळाला नाही तर शिपाई भुराला बांधून परतवाड्याला नेईल. भुरा एवढेच म्हणाला, "म्या नाई घेतला. मले काय इचारता? त्याले जाऊन इचारा."

सकाळी एकटाच निघालो. धुक्याची दाट धुवारी अशी उतरली होती की आपलाच हात दिसेना. ती वाट मी डोळे मिटून चाललो असतो, पण त्या दिवशी एकच वारूळ तीनदा आडवे आले. तिसऱ्यांदा मी त्याला शिव्या घातल्या आणि मग सांगायला लाज वाटते, पण मला रडू कोसळले. आपली नोकरी जाईल याचे, आणि दुपारी तो म्हातारा दोरीने बांधला जाईल याचेही. तेवढ्यात ऐकू आले. ठक.

मी जागीच थिजलो. लोखंडाचा लाकडावर पडलेला आवाज मला कळत नाही की काय? कान दुसऱ्या ठोक्याची वाट पाहू लागला. तो आलाच नाही. बऱ्याच वेळाने, थोडे पुढे, पुन्हा ठक. एकच. सुतारपक्षी असेल म्हणाल तर म्हणा, मी वाद घालणार नाही. मी फक्त म्हणालो, "मायबाप, जो कोणी असशील तो, नेशील तिकडे येतो." आणि आवाजामागे चालत गेलो. मी थांबलो की तोही थांबे. शेवटी धुवारीतून एक काळे खोड पुढे आले आणि त्यानंतर आवाज झाला नाही.

तोच साग. दगडापुढे हातोडा नीट ठेवलेला. त्याच्याभोवती वाघाची पावले, ताजी, त्यांत अजून पाणी झिरपत होते. हातोड्याला मात्र धक्काही नाही. आणि हातोड्याच्या अलीकडे, चिखलात, दोन गुडघ्यांचे ठसे. त्यांच्यामागे माझ्या बुटांची टोके रुतलेली.

मग सगळे आठवले. त्या दुपारी भीतीने माझे गुडघे टेकले होते. मी हात जोडले होते. आणि हात जोडायचे तर हातातले खाली ठेवावे लागते! नाकेदार होऊन दगडापुढे वाकलो, याची मला एवढी शरम वाटली की ती गोष्ट मी स्वतःपासूनच लपवली आणि आळ एका म्हाताऱ्यावर घातला.

हातोडा उचलला आणि तसाच धावत सुटलो. ऐन दुपारी नाक्यावर पोचलो, तर भुरा हात बांधलेला गाडीत बसला होता, शिपाई बैल जुंपत होता. सगळ्यांदेखत ओरडलो, "सोडा त्याले! म्याच ठेवला होता. वाघदेवाच्या पाया पडलो अन् तिथंच इसरलो." शिपाई फिदीफिदी हसला. साहेब हसले नाहीत. माझी बढती पुढे कायमची अडली, ते योग्यच झाले.

दोर सोडताना मी भुराला विचारले, "तू पाह्यलं होतं?"

"पाह्यलं ना."

"मंग बोलला काहून नाही? जेलात गेला असता!"

"तुमी त्याच्यापुढं ठेवलं. तुमच्या अन् त्याच्या मंधात मी काहून बोलू?"

मी त्याचे पाय धरले. तो कसनुसा झाला, म्हणाला, "उठा नाकेदार, बैल बिचकते."

दुसरा शिक्का मी मारला नाही. झाड बुडाशी पोकळ आहे, असे कागदावर लिहून दिले. ते खोटे होते आणि त्याची मला आजवर लाज वाटलेली नाही. त्यानंतर जंगलात धनी म्हणून पाऊल टाकले नाही, पाहुणा म्हणून राहिलो. नोकरी संपताना शेवटचा गेलो तेव्हा भुरा या जगात नव्हता. सागाने नवी साल धरून माझा शिक्का निम्मा झाकून टाकला होता.

अजूनही एखाद्या दुपारी ओट्यावर बसलो असताना तो आवाज येतो. ठक. सून म्हणते, बाबा, कुठे काय वाजले? दुसऱ्या ठोक्याची वाट पाहणे मी कधीच सोडले. हातात काठी असो की चहाची बशी, ती आधी खाली ठेवतो, आणि मग हात जोडतो.