साखरेचं इंजेक्शन

दिग्रसहून यवतमाळला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत डाव्या बाजूला बसलं की ऊन लागत नाही, हे आम्हाला त्या दोन वर्षांत पाठ झालं होतं. बायकोच्या मांडीवर थर्मास असायचा. जाताना रिकामा, येताना बर्फ आणि बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली इंजेक्शनं. मूल व्हावं म्हणून घ्यायची हार्मोनची इंजेक्शनं होती ती. तिच्या अंगात अंडं पुरतं वाढत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं होतं. पाळी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी एक टोचायचं, बेंबीच्या बाजूला. मग सोनोग्राफीला यवतमाळ, अंडं किती वाढलं ते बघायला.

टोचायला मीच शिकलो. मी जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर दिवसभर कापसाच्या गाड्या मोजणारा, सुईची सवय नाही. ती पलंगावर पडून छताकडे बघत काहीतरी बोलत राहायची, समोरच्या घरी कोण पाहुणे आले, त्यांनी काय आणलं. मध्येच विचारायची, "झालं का?" मी म्हणायचो, "कवाच झालं." सुई अजून माझ्या हातातच असायची. तिला ते कळत असे आणि ती तशीच बोलत राही. औषधानं तिचं पोट फुगायचं, डोकं धरायचं, उगाच रडू यायचं. तरीही ते दिवस आठवले की मला बरं वाटतं. लग्नाला आठ वर्षं झाली होती आमच्या, पण एकमेकांशी इतकं आम्ही त्याआधी बोललो नव्हतो.

आता जे लिहायचं ते लिहितो.

माझ्या आईनं एकदा फ्रिज उघडला, लोण्याच्या कप्प्यातली खोकी पाहिली आणि विचारलं, हे कायचं औषध हाय. मी म्हणालो, "साखरेचं. हिले शुगर निघाली." विचार करून नाही म्हटलं. साखरेचं इंजेक्शनही फ्रिजमध्येच ठेवतात, पोटावरच घेतात, म्हणून तोंडात आलं. आमच्या जिनिंगवर एक गाडीवान होता, त्याला मूल नव्हतं. त्याची रोज थट्टा चालायची, आणि त्या हसण्यात मीही असायचो. उद्या आपल्यावर तसंच हसतील, एवढंच मला दिसलं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "मले एक रोग होता, तुम्ही दुसरा लावून देल्ला."

आई माणूस साधी. तिनं तेव्हापासून सुनेला कारल्याचा रस सुरू केला. शेजारच्या काकू जांभळाच्या बियांची पूड घेऊन आल्या. लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढणारा तिच्या पानापाशी आला की कोणीतरी हमखास ओरडायचं, "तिले नको, तिले शुगर हाय." ती मान खाली घालून वरण-भात कालवायची. तिला गोड फार आवडायचं. यवतमाळच्या बसस्टँडबाहेर एक जिलेबीवाला होता. सोनोग्राफी झाली की ती सरळ तिकडे चालू लागायची. "इथं कोन ओळखते आपल्याले," म्हणायची आणि पाव किलो एकटी संपवायची. बोटांना पाक लागलेला, मांडीवर थर्मास, आणि आज अंडं किती वाढलं ते मला परत परत सांगत असलेली. तिचा तो चेहरा अजून माझ्यापाशी आहे.

मूल झालं नाही. आणि लोकांनी आपणच कारण लावून टाकलं की शुगरवालीला कसं होईल पोर. मला कोणी काही विचारेना. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

तोवर माझ्या मेहुणीला स्थळ आलं होतं, दारव्ह्याचं. मुलगा शाळेत शिकवायचा. पाहणं झालं, दोघं फोनवर बोलू लागले, पसंती कळत होती. पुढचं ठरवायला सासरे मला सोबत घेऊन गेले. चहा झाल्यावर मुलाच्या मामांनी विचारलं, मोठीला एवढ्या लहान वयात शुगर झाली म्हणतात, घराण्यात आहे का कोणाला? सासऱ्यांनाही आम्ही साखरच सांगितलेली. ते बिचारे म्हणाले, आमच्यात तर कोणालेच नाही, हिलेच कशी झाली समजत नाही. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "डॉक्टर म्हणते, सांगता येत नाही."

आठवड्यात नकार आला. बायकोनं मला विचारलं, तिथं काय बोलले तुम्ही. मी सांगितलं. ती म्हणाली, "सांगून द्यायचं होतं. लोकं मले वांझ म्हणाले असते, तिचं तर जमलं असतं." ती त्याच दिवशी बहिणीला फोन करणार होती. मी तिला माझी शपथ घातली.

मेहुणीचं पुढं वणीला झालं. नवरा कोळशाच्या ट्रकांची कामं करतो, भला माणूस आहे. तिला एक मुलगी आहे. सगळं ठीक चाललं म्हणून मी मनाची समजूत घालत राहिलो. यंदा थंडीत आम्ही वणीला गेलो. सकाळी चहा पिताना मेहुणीनं कपाटातून रक्तातली साखर तपासायचं यंत्र काढलं. आधी स्वतःचं बोट टोचलं. मग मुलीला हाक मारली. पोरगी सात वर्षांची. ती खेळता खेळता आली, न सांगता बोट पुढं केलं, टोचून घेतलं आणि परत खेळायला गेली. मेहुणी म्हणाली, आमच्या रक्तातच आहे ना भाऊजी, ताईले किती लवकर झाली, म्हणून मी ध्यान ठेवते.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती कपाकडे बघत होती. शपथ अजून पाळत होती.

मी सांगितलं. फ्रिजपासून दारव्ह्याच्या बैठकीपर्यंत सगळं सांगितलं. यंत्र मेहुणीच्या हातातच होतं. मी थांबल्यावर म्हणाली, "म्हंजे ताईले शुगर नव्हतीच."

"नव्हती."

"अन् तुम्ही तिथं बसून होते."

"हो."

तिनं यंत्र डबीत घातलं, डबी बंद केली. म्हणाली, "त्या गोष्टीचं आता मले काही नाही. पन मी माह्या पोरीले तीन वर्षांपासून सुया टोचून राह्यली." मग म्हणाली, ती हे नवऱ्याला सांगणार, आईबाबांना सांगणार, कोणालाच सोडणार नाही. मी म्हणालो, सांग, माझी काही हरकत नाही.

"तुम्हाले विचारलं नाही मी," ती म्हणाली.

त्यानंतर ती बहिणीजवळ सरकून बसली आणि हळू विचारलं, "लय दुखे का वं?"

आणि बायको बोलायला लागली. एसटी, थर्मास, सोनोग्राफीची थंड टेबलं, सुई हातात तशीच धरून माझं ते "कवाच झालं" म्हणणं. त्यावर दोघी हसल्याही. मी उंबऱ्यापाशी बसून ऐकत होतो. इतक्या वर्षांत हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि त्यातलं काही मलाही नवीन होतं. शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अजून एखादा महिना करून बघू. मी म्हणालो होतो, आता पुरे, हिला फार त्रास होतो. आणि ती हो म्हणाली होती. तिला त्रास होतो म्हणूनच आम्ही थांबलो, असं मी समजत आलो.

"मले कराचा होता अजून एक महिना," ती बहिणीला सांगत होती. "पन यांचं तोंड पाह्यलं, अन् हो म्हटलं."