भावाची तब्येत खाणारी

लहानपणी साधं पडसंही माझ्याकडे फार दिवस टिकत नसे. धाकट्या भावाचं मात्र सदा काही ना काही चाललेलं. हातपाय ठणकायचे, डोळे पिवळे पडायचे, आणि ताप एकदा चढला की उतरायचं नाव घेत नसे. नागपूरच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही एका ताटात जेवायचो, एका गोधडीत झोपायचो. त्याचा खोकला मला लागला की मी चार शिंका देऊन मोकळी. तोच खोकला त्याला दवाखान्यात नेऊन टाकायचा.

वस्तीतल्या एका म्हातारीने यावर निकाल दिला. "पोरगी पोराची तब्येत खाऊन राहिली. दोघाले अलग करा."

बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून देव गेले होते, गंडेदोरे गेले होते. कोणी अंगाऱ्याची पुडी आणली तर वडील ती दारातूनच परत पाठवत. पण म्हातारीच्या बोलण्यात देव नव्हता, अंगारा नव्हता, नुसती तब्येत होती. त्यामुळे ती अंधश्रद्धा आहे असं वडिलांना वाटलंच नाही. शहाणी माणसं फसतात ती अशी. मला सावनेरला मावशीकडे पाठवायचं ठरलं.

"काहून पाठवता मले?" मी मायला विचारलं.

"त्याले बरं वाटू दे वं, मंग आणतो," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

मावशी वाईट नव्हती, आग्रह करकरून वाढायची. मीच जेवण तोडलं. मी कमी खाल्लं तर तिकडे तो सुधारेल, असा माझा हिशेब. एरवी मी एक नंबरची तोंडाळ, पण तिथे मुकी झाले. माझ्याशी भांडणारं कोणी नव्हतं, आणि तेच मनाला फार लागायचं. पावसाळा सरता सरता गावात हिवताप आला. मावशीची दोन्ही मुलं पार खंगून गेली. मी थोडी कुडकुडले आणि उठून बसले.

"लय चिवट हायेस वं तू!" मावशी कौतुकाने म्हणाली. मला रडू कोसळलं. आता मी हिचीही लेकरं खायला लागले होते.

त्या हिवाळ्यात भावाला न्यूमोनिया झाला. वडील मला न्यायला आले ते सगळं आटोपल्यावर. घरी अख्खी गोधडी माझ्या एकटीची झाली होती. मला झोप लागेना.

पुढे लग्न झालं, दिवस गेले, तेव्हा दवाखान्यात माझं रक्त तपासलं. नवऱ्याचं साफ निघालं, माझ्यात सिकलसेल सापडला. डॉक्टरीणबाईंनी भावाची हकिगत विचारून घेतली आणि समजावलं. रक्तातला हा दोष आईबापाकडून येतो. भावाला तो दोघांकडूनही आला असणार. अशा मुलांची पोटातली जंतूंना अडवणारी पाणथरी लहानपणीच निकामी होते, मग इतरांना नुसता खोकला आणणारा जंतू त्यांचा जीव घेऊ शकतो. मला एकाकडूनच मिळाला होता. तेवढ्याने माणूस सहसा आजारी पडत नाही, उलट हिवतापाचा जोर त्याच्यावर कमी चालतो.

मी दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. इतक्या वर्षांनी सुटले होते, आणि सांगायला शेजारी कोणी नव्हतं.

वडील तोवर गेले होते. मायला गाठून मी सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे तू घरी असती, तरी तो गेलाच असता?"

"हो."

"तुह्यामुळे काही झालं नाही?"

"नाही, माय."

मग माय म्हणाली, "शेवटी शेवटी तो तुलेच हाका मारून राहिला होता. तुहा बाप तुले आणायले निघाला बी होता. मीच म्हटलं, नका आणू. ती आली तर पोराचं आणखी खराब होईन."